सीबीसीचा कागद हातात आल्यावर: ल्युकेमियात रक्तातले आकडे कसे आणि का बदलतात

पावसाळ्यात आमच्या लॅबच्या बाकावर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला एकच आकडा हवा असतो. प्लेटलेट किती? डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोने कोकणातल्या घराघरात हा शब्द पोचवला आहे. पण त्याच गर्दीत कधीतरी सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, असा एखादा कागद निघतो, की वरच्या दोन ओळी वाचल्याशिवाय प्लेटलेटच्या ओळीचा अर्थच लागत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात मी 22 वर्षं रक्त तपासते आहे. मी तंत्रज्ञ आहे. निदान आणि औषध डॉक्टरांचं काम. पण कागद हातात घेऊन दारात उभी राहिलेली माणसं मी रोज बघते. "ब्लड कॅन्सरची शंका आहे" एवढंच कोणीतरी सांगितलेलं असतं आणि आकड्यांचा अर्थ सांगायला कोणाला सवड नसते. ल्युकेमिया हा ब्लड कॅन्सरचाच प्रकार. अशा घरातल्या माणसांसाठी हे लिहिते आहे. सगळं एका बैठकीत वाचायला हवं असं नाही, आज ज्या पायरीवर असाल तिथून सुरुवात करा.

पायरी 1: आधी एकक बघा

निम्मी घाबरगुंडी इथेच उडते. एका लॅबच्या कागदावर पांढऱ्या पेशी 8,500 असतात, दुसऱ्या लॅबच्या कागदावर 8.5. दोन्ही एकच आहेत. दुसऱ्या लॅबने आकडा हजारात लिहिला आहे. प्लेटलेटचंही तसंच: 2.1 लाख, 2,10,000 किंवा 210 हजार, तिन्हीचा अर्थ एक. मागचा आणि आताचा कागद शेजारी ठेवायचे असतील तर दोन्ही आकडे आधी एका एककात लिहून घ्या.

मोठ्या माणसासाठी ढोबळ अंदाज असा धरा. हिमोग्लोबिन बायकांत 12 ते 15, पुरुषांत 13 ते 17. पांढऱ्या पेशी 4,000 ते 11,000. प्लेटलेट दीड लाख ते साडेचार लाख. लहान मुलांचे आकडे वेगळे असतात, आणि तान्ह्या मुलांत लिम्फोसाइटचं (पांढऱ्या पेशींतल्या एका जातीचं) प्रमाण मुळातच जास्त असतं, म्हणून मुलाचा कागद मोठ्यांच्या मापाने वाचू नका.

पायरी 2: तीन ओळी एकत्र वाचा

हिमोग्लोबिन (ते तांबड्या पेशींत असतं), पांढऱ्या पेशी, प्लेटलेट (रक्त थांबवतात त्या). या तिन्ही पेशी एकाच जागी तयार होतात, हाडांच्या आतल्या मज्जेत. म्हणून एकीचा हिशेब दुसऱ्या दोघींना सोडून लागत नाही.

आपल्याकडे बायकांत हिमोग्लोबिन 8 किंवा 9 निघणं ही रोजची गोष्ट आहे. त्यात पांढऱ्या पेशी ठीक आणि प्लेटलेट ठीक किंवा थोड्या जास्तच असतील, तर बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते. तिथे एकच ओळ खाली असते. ल्युकेमियाची शंका बहुतेक वेळा मनात येते ती दोन किंवा तिन्ही ओळी बिघडल्यावर. तरीही तिन्ही ओळी खाली म्हणजे कॅन्सरच, असं नव्हे. ब जीवनसत्त्वापैकी बी-12 किंवा फॉलिक ॲसिड फार कमी झालं तरी तिन्ही पडतात. त्या वेळी एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, बहुधा 100 च्या वर गेलेला दिसतो. असा माणूस इंजेक्शनांनी काही आठवड्यांत सावरतो. हे बघूनच पुढचं बोलायचं.

पायरी 3: मज्जेत काय बिघडतं ते समजून घ्या

हे मी भाताच्या तरव्यावरून सांगते, कारण आमच्या बाजूला ते लगेच कळतं. आपण दाढ (रोपांची जागा) भाजतो, पेरतो, तरवा, म्हणजे कोवळी रोपं, येतो. मग तो उपटून लावणी होते, रोपं वाढतात, पोटरीला येतात, निसवतात, म्हणजे लोंब्या बाहेर पडतात. निरोगी मज्जा हीच शिस्त पाळते. तिथे कोवळ्या पेशी जन्मतात, टप्प्याटप्प्याने पिकतात आणि पिकल्यावर रक्तात उतरतात. रोज सुमारे 20,000 कोटी तांबड्या पेशी अशा तयार होतात.

तीव्र ल्युकेमियात या तरव्यातल्या एका रोपाचा स्वभाव बदलतो. ते वाढतं, फुटवे धरतं, पण कधी निसवत नाही. या न पिकणाऱ्या कोवळ्या पेशींना ब्लास्ट म्हणतात. सर्वसाधारणपणे मज्जेत त्या 5 टक्क्यांहून कमी असतात आणि रक्तात दिसतच नाहीत. तीव्र ल्युकेमियात त्या मज्जेतली जागा व्यापत जातात, आणि निदानाच्या वेळी मज्जेत त्यांचं प्रमाण बहुतेकदा 20 टक्क्यांच्या वर असतं. कधी 80, कधी 90 टक्के. शिवाय शेजारच्या चांगल्या पेशींची वाढही त्या दाबून टाकतात. बाकीचं पीक मग उपाशी राहतं.

आता त्रास कोणत्या क्रमाने दिसतो ते पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असतं. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस टिकतात. प्लेटलेट 7 ते 10 दिवस. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस. कारखाना बंद पडला की ज्यांचा साठा लहान, त्या आधी संपतात. म्हणून कोणाला सारखा ताप येतो, तोंड येतं. कोणाच्या हिरड्यांतून रक्त येतं, पायांवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात, मार न लागता काळंनिळं पडतं. फिकटपणा आणि दम लागणं हळूहळू वाढत जातं, इतकं हळू की घरच्यांना ते उन्हाने किंवा कामाने वाटत राहतं.

पायरी 4: पांढऱ्या पेशींचा आकडा फसवतो

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. ब्लड कॅन्सर म्हणजे पांढऱ्या पेशी लाखात, असं लोकांच्या डोक्यात बसलं आहे. नावामुळेही असेल. रूडॉल्फ व्हिर्को या जर्मन वैद्याने 1847 साली ग्रीक शब्दांवरून हे नाव दिलं, आणि त्याचा अर्थ पांढरं रक्त असाच आहे. पण प्रत्यक्षात निदानाच्या दिवशी हा आकडा जास्त, कमी किंवा अगदी नॉर्मल, काहीही असू शकतो. ब्लास्ट मज्जेतच अडकून राहिले तर रक्तात पांढऱ्या पेशी उलट कमी दिसतात. पांढऱ्या पेशी किती आहेत ते आकडा सांगतो, त्या कोण आहेत ते सांगत नाही.

एक कागद मला पाठ आहे. ऑगस्टचे दिवस, होडीवर खलाशी म्हणून जाणारा 19 वर्षांचा मुलगा, तीन आठवड्यांचा ताप. दुसऱ्या एका ठिकाणी दोनदा सीबीसी झालेला, दोन्ही वेळा नुसत्या मशीनवर. हिमोग्लोबिन 6.8, पांढऱ्या पेशी 3,100, प्लेटलेट 22,000, लिम्फोसाइट 78 टक्के. पांढऱ्या कमी, लिम्फोसाइट जास्त, म्हणून व्हायरल ताप ठरवून मोकळे झाले होते. आई शेजारी उभी. म्हणाली, "ताई, पपईचा पाला वाटून देते आहे, पण प्लेटलेट चढतच नाहीत." मी म्हटलं, "काकी, थांबा जरा, मला एकदा काचेवर बघू दे."

काचपट्टीवर थेंब ओढला, वाळवला, रंग चढवला आणि तेलाच्या भिंगाखाली घेतला. मशीनने लिम्फोसाइट म्हणून मोजलेल्या पेशींतल्या बहुतेक लिम्फोसाइट नव्हत्याच. मोठ्या, गोल, जवळजवळ सगळी पेशी व्यापणारं केंद्रक, त्याची वीण रेशमासारखी बारीक, आणि मध्ये एखाद-दुसरा फिकट गोल ठिपका. भोवती निळसर कडा, चिमूटभर. पिकलेला लिम्फोसाइट लहान असतो, त्याचं केंद्रक घट्ट आणि गडद असतं. दोन्ही शेजारी ठेवले की फरक लपत नाही. प्लेटलेट शोधत मी पट्टी टोकापर्यंत सरकवली, मोजून काही सापडल्या. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला.

पायरी 5: स्मिअर मागा, आणि ताजा मागा

म्हणून माझा आग्रह असा: ताप दोन आठवड्यांवर गेला, किंवा दोन ओळी खाली आल्या, तर कागदावर "पेरिफेरल स्मिअर" (काचपट्टीवर रक्त ओढून भिंगाखाली बघणं) हा शब्द आहे का ते बघा. नसेल तर डॉक्टरांना विचारा. माणसाच्या डोळ्याने पट्टी बघितलेली असणं गरजेचं आहे. चांगलं मशीन शंकेची खूण करतं, पण ती खूण वाचणारं कोणीतरी लागतं.

आपल्या भागातली एक अडचण ध्यानात ठेवा. लहान केंद्रांवर घेतलेला नमुना रात्रीच्या गाडीने मुंबईला जातो. जांभळ्या बुचाच्या नळीतल्या रक्तात पेशी जसा वेळ जाईल तशा फुगतात, विस्कटतात. पट्टी रक्त घेतल्यापासून काही तासांत ओढलेली चांगली. "इथेच दोन काचा ओढून सोबत पाठवाल का?" एवढं विचारायला लाजू नका.

आणखी एक. कधी प्लेटलेट नळीतल्या औषधामुळे एकमेकींना चिकटतात, मशीनला त्या दिसत नाहीत, आणि आकडा खोटा कमी येतो. हेही पट्टीवरच उघड होतं. अंगावर ठिपके नाहीत, कुठून रक्त नाही आणि प्लेटलेट एकदम 20,000, तर आधी तपासणी पुन्हा करा, मग रडा.

पायरी 6: कोणता ल्युकेमिया, त्यावर चित्र बदलतं

मुख्य प्रकार चार. एएलएल (ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) आणि एएमएल (ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) हे तीव्र, काही आठवड्यांत माणूस आजारी पडतो. वर सांगितलेलं चित्र या दोघांचं. एएलएल मुलांत जास्त, एएमएल वय वाढेल तसा जास्त. एएमएलच्या ब्लास्टमध्ये कधी कधी सुईसारखी तांबूस काडी दिसते, ती दिसली की आम्ही पट्टी बाजूला ठेवत नाही, लगेच कळवतो. एएमएलचाच एपीएल नावाचा पोटप्रकार आहे. त्यात आकडे साधारण कमीच असतात, पण रक्त गोठण्याची व्यवस्था कोसळते आणि रक्तस्राव जिवावर बेततो. औषध वेळेत सुरू झालं तर बरा होण्याची शक्यता सगळ्यात चांगल्यापैकी याच प्रकारात आहे. त्यामुळे इथे तास मोजायचे.

सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) संथ. यात पेशी पिकतात, पण लगाम सुटल्यासारख्या वाढतात. पांढऱ्या पेशी 50,000, एक लाख, कधी त्याहून पुढे, आणि माणूस चालत येतो. पट्टीवर कोवळ्यापासून पिकलेल्यापर्यंत सगळ्या वयाच्या पेशी एकत्र, बेसोफिल (पांढऱ्या पेशींतलीच एक जात) वाढलेले. प्लेटलेट बहुधा नॉर्मल किंवा जास्त. प्लीहा वाढल्यामुळे डाव्या कुशीत जड वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं. याच्या मुळाशी असलेलं बदललेलं गुणसूत्र 1960 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात सापडलं, आणि त्यावर नेमकं काम करणारं इमॅटिनिब 2001 पासून वापरात आहे. गोळी रोज घेतली तर बहुतेकांचे आकडे काही आठवड्यांत ताळ्यावर येतात. गोळी बंद मात्र स्वतःहून करायची नाही. आकडे नॉर्मल दिसले तरी मूळ शिल्लक असू शकतं, त्यासाठी वेगळी पीसीआर तपासणी असते.

सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसाइटिक ल्युकेमिया) हा म्हाताऱ्या माणसांचा. हर्नियाच्या ऑपरेशनआधी सहज केलेल्या सीबीसीत लिम्फोसाइट 20-30 हजार निघतात, दुसरं काही नाही. अनेकांना बरीच वर्षं औषध लागत नाही, नुसती नजर ठेवतात. "उपचारच देत नाहीत" म्हणून घरचे अस्वस्थ होतात. पण तो डॉक्टरांचा हलगर्जीपणा नसतो, ती पद्धतच आहे.

पायरी 7: पावसाळी ताप की हे?

डेंग्यूत प्लेटलेट पडतात, पांढऱ्या पेशीही पडतात. लेप्टोत, मलेरियातही प्लेटलेट उतरतात. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या माकडतापातही. मग ओळखायचं कसं? घरच्या माणसाने तीन गोष्टी बघाव्यात. डेंग्यूत साधारण आठवडा-दहा दिवसांत आकडे आपोआप वर चढायला लागतात. ल्युकेमियात ते चढत नाहीत, पुन्हा पुन्हा तेच किंवा खाली. डेंग्यूत हिमोग्लोबिन सहसा 6-7 पर्यंत खाली उतरत नाही, रक्त दाट झाल्याने उलट वाढलेलं दिसू शकतं. आणि मानेत, काखेत गाठी, हाडं दुखणं, लहान मूल लंगडायला लागणं, ही लक्षणं डेंग्यूच्या खात्यात ढकलू नका.

पपईच्या पाल्याबद्दल इतकंच सांगते: मज्जा ब्लास्टनी भरलेली असेल तर प्लेटलेट तयार व्हायला जागाच नसते. त्यावर घालवलेला प्रत्येक दिवस रोग्याचा जातो.

पायरी 8: मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत

निदान पक्कं होईपर्यंत स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन टाळा. त्याने ताप उतरतो, बरं वाटतं, पण एएलएलमध्ये ब्लास्ट तात्पुरते विरून निदान चुकू शकतं. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "यात स्टेरॉइड आहे का?" प्लेटलेट कमी असताना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, कमरेत-दंडात इंजेक्शन नको, दात काढणं नको. पांढऱ्या पेशी लाखावर आणि सोबत धाप, डोकेदुखी, धूसर दिसणं किंवा गुंगी असेल तर उद्याची गाडी बघू नका, आजच निघा.

जायचं कुठे? मुंबईत परळचं टाटा मेमोरियल 1941 पासून आहे, आणि त्याचंच खारघरचं केंद्र ॲक्ट्रेक. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांनी खारघरसाठी पनवेलला उतरावं. सिंधुदुर्गातली बरीच माणसं बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात. रेशन कार्ड, आधार आणि आतापर्यंतचे सगळे कागद मूळ स्वरूपात घ्या, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी लागतात. काचपट्ट्या रुमालात गुंडाळून, डबीत ठेवून न्या. कॅन्सरच्या रोग्याला आणि सोबत्याला रेल्वेची सवलत मिळते, तिचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून मिळतो. राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

तिथे कमरेच्या हाडातून मज्जेचा नमुना घेतात. घरच्यांना वाटतं पाठीच्या कण्यातून घेतात आणि माणूस अधू होतो. तसं नाही. जागा बधिर करून कुल्ल्याच्या वरच्या हाडातून घेतात, खेचताना काही क्षण कळ येते. त्या नमुन्यावर फ्लो सायटोमेट्री आणि गुणसूत्रांच्या तपासण्या होतात, प्रकार त्यांनी ठरतो.

पायरी 9: उपचार सुरू झाल्यावर आकडे पुन्हा पडतात

ही पायरी सगळ्यात जास्त घाबरवते, म्हणून आधीच सांगून ठेवते. केमो ब्लास्ट मारते, तशी चांगल्या पेशीही मारते. औषधानंतर साधारण 7 ते 14 दिवसांत आकडे तळ गाठतात. तीव्र ल्युकेमियाच्या पहिल्या जोरदार फेरीत हा तळ तीन-चार आठवडेही लांबतो. आजार वाढला म्हणून आकडे पडले असं धरू नका. शेत साफ केल्यावर काही दिवस ते उघडंच दिसतं.

या काळात एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलचा एकूण आकडा, काढायला शिका. पांढऱ्या पेशींचा आकडा गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के, भागिले 100. त्या खलाशी मुलाचं पहिल्या दिवशीचं गणित: न्यूट्रोफिल 12 टक्के, म्हणजे 3,100 गुणिले 12 भागिले 100, उत्तर 372. 500 च्या खाली धोका मोठा. अशा वेळी ताप 100.4 अंशांवर टिकला, किंवा एकदाच 101 झाला, तर तो ताप घरी सांभाळायचा नसतो. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता सुद्धा रुग्णालयात जायचं, कारण लढायला पेशी नसताना जंतू काही तासांत रक्तात पसरतात. गावातून तालुक्याला न्यायला गाडी कोणाची, हे आधीच ठरवून नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

घरातली काळजीही याच आकड्यावर. पाणी उकळून, विहिरीचं असलं तरी. गरम ताजी पेज, ताजं कालवण, पूर्ण शिजलेलं. अर्धी कच्ची कालवं, तिसऱ्या (शिंपले), उरलेलं शिळं, उघड्यावरची कापलेली फळं नकोत. भिंतीला बुरशी आलेल्या खोलीत रोग्याला झोपवू नका, आणि लावणीचा चिखल, शेण, ओला पेंढा यांपासून त्याला लांब ठेवा.

प्लेटलेट 10,000 च्या खाली गेल्या, किंवा त्याआधीच रक्त येऊ लागलं, तर बाहेरून देतात. एका दात्याच्या शरीरातून यंत्राने काढलेली पिशवी साधारण 30 ते 60 हजारांनी आकडा वाढवते, साध्या रक्तातून वेगळी केलेली एक पिशवी 5 ते 10 हजारांनी. पिशवीतल्या प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून दात्यांची यादी हवी. गावातल्या मंडळाला, क्रिकेटच्या पोरांना आधीच सांगून ठेवा. पण पुढे बोन मॅरो (मज्जा) प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर सख्ख्या भावाबहिणींनी आणि आईवडिलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रक्त देऊ नये. तांबड्या पेशींची एक पिशवी मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन साधारण 1 ने वाढवते.

एएलएलचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात, शेवटचा मोठा काळ घरी गोळ्यांवर. त्यातली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर मज्जा करपते आणि जीव जातो. ठरलेला वार पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. या औषधांच्या घराण्याची सुरुवात भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत झाली, आणि 1948 मध्ये सिडनी फार्बर यांनी त्यातल्याच एका औषधाने मुलांचे ब्लास्ट काही काळ नाहीसे झाल्याचं दाखवलं. त्याआधी डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काही नव्हतं. गोळीचं पाकीट हातात आलं की मला दर वेळी हे आठवतं.

पायरी 10: वही

एक दोनशे पानी वही घ्या. आडव्या रकान्यांत तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, एएनसी, प्लेटलेट, आणि त्या दिवशी कोणतं औषध किंवा रक्त दिलं ते. एका आकड्यावरून काही ठरत नाही, चार-सहा ओळी खाली खाली वाचल्या की चढण-उतार दिसतो. डॉक्टरांनाही ही वही तुमच्या तोंडी सांगण्यापेक्षा उपयोगी पडते.

त्या मुलाच्या आईची वही अजून दर महिन्याला माझ्या टेबलावर येते. निळी, कोपरे मासळीच्या पिशवीने ओले झालेले. तिने शेवटी स्वतःच एक रकाना वाढवला आहे, त्यावर लिहिलं आहे: "जेवला का". परवाच्या ओळीत हिमोग्लोबिन 12.4, पांढऱ्या 3,800, एएनसी 2,100, प्लेटलेट 1,90,000, आणि त्या शेवटच्या चौकटीत तिने लिहिलं होतं, "दोन भाकऱ्या, बांगडा, पुन्हा मागितला."